कातडें कोणाचें आणि कर्ज कोणाचें?

जत तालुक्याच्या पूर्वभागांत, उमदी-संखच्या बाजूस, माळावर पारध्यांचीं दोन पालें पडलीं कीं गांवांत दोन गोष्टी ताबडतोब होतात. शेळ्या-कोंबड्यांची राखण वाढते, आणि कोणीतरी पोलीस पाटलाला वर्दी देतो. पालांत पोरें किती आहेत, चूल पेटली कीं नाहीं, कोणी आजारी आहे काय, हें विचारायला मात्र कोणी जात नाहीं. पारधी म्हणजे चोर, हा समज आमच्या बहुजनसमाजांतही इतका मुरला आहे कीं, जे लोक भटा-सावकारांच्या जुलमाविरुद्ध सभा गाजवितात तेच घरीं आल्यावर पारध्याच्या पोराला ओट्याखालीं उभें करतात. म्हणून आज आम्ही पारध्याविषयीं लिहिणार आहों. मात्र त्यासाठीं वाचकांना प्रथम सातासमुद्रापलीकडे न्यावें लागेल.

कारण असें कीं, पारधी या दशेला कां आला याचें उत्तर नुसतें आमच्या गांवांत शोधून सांपडत नाहीं. त्याचा मोठा भाग कातड्याच्या बाजारांत सांपडतो. रानांत शिकार करून जगणाऱ्या लोकांचा माल दूरदेशींच्या श्रीमंताच्या अंगावर मिरवूं लागला म्हणजे त्या लोकांचें काय होतें, याचा धडा उत्तर अमेरिकेंत अडीचशें-तीनशें वर्षें घडत होता. आमच्या शाळांतील इतिहास कोलंबसाच्या गलबतापुढें फारसा जात नाहीं, म्हणून ती हकीकत येथें देतों.

सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपांत बिव्हरच्या लवीच्या टोप्यांची चाल पडली. बिव्हर हा पाण्याकाठीं राहणारा, झाडें कुरतडून ओढ्यांवर बंधारे घालणारा प्राणी. त्याच्या अंगावरची आंतली बारीक लव दाबून तिचा नमदा करीत आणि त्या नमद्याची टोपी करीत. युरोपांतला बिव्हर मारून मारून संपत आला, तेव्हां व्यापाऱ्यांची नजर अमेरिकेकडे वळली. तेथील मूळ लोक हिंवाळ्यांत बिव्हरचीं कातडीं शिवून अंगावर घेत. गंमत अशी कीं, व्यापाऱ्याला आरंभीं नव्या कातड्याची मातब्बरी नव्हती. हिंवाळा-दोन हिंवाळे अंगावर वापरून ज्याचे वरचे राठ केस झडले आहेत असें जुनें कातडेंच त्याला पसंत, कारण त्याची लव टोपीसाठीं तयार झालेली असे. आपलें झिजलेलें पांघरूण घेऊन हा गोरा माणूस लोखंडाची सुरी आणि पितळेचें भांडें देतो, हें पाहून ते लोक त्यालाच वेड्यांत काढीत.

त्या लोकांना भोळे समजणें मोठी चूक होईल. ते भावाची घासाघीस करीत, हलकें भांडें परत करीत, इंग्रजाकडे भाव पटला नाहीं तर फ्रेंचाकडे जात. त्यांच्या बायका कातडीं कमावीत, आणि पुष्कळ व्यापाऱ्यांचा संसारही त्यांनींच केला. त्या संततीपासून झालेला मेटी नांवाचा समाज आजही कॅनडांत आहे. तेव्हां पहिलीं शेंदीडशें वर्षें हा व्यवहार अगदींच एकतर्फी नव्हता. मग बिघडलें कोठें?

बिघडलें वहीपाशीं.

इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजानें १६७० सालीं हडसन बे कंपनीला सनद दिली. आपल्याकडे जशी ईस्ट इंडिया कंपनी, तशी तिकडे ही. हडसनच्या उपसागराला मिळणाऱ्या सगळ्या नद्यांच्या खोऱ्यांचा मक्ता राजानें तिला देऊन टाकला. खोऱ्यांत राहणाऱ्यांना कोणी विचारलें नाहीं. कंपनीच्या कोठीवर हिशेब कातड्यांत चाले. बंदुकीला इतकीं कातडीं, गोळ्यांना इतकीं, लोकरीच्या घोंगड्याला इतकीं. हिंवाळ्याच्या तोंडावर शिकाऱ्यानें हा माल उधार न्यायचा आणि बर्फ वितळल्यावर कातडीं आणून फेड करायची. ज्याच्या अंगावर पूर्वीं आपल्या हातचें बिव्हरचें पांघरूण होतें, तो तें विकून कंपनीचें घोंगडें उधारीवर पांघरूं लागला. माडग्याळच्या आमच्या धनगरबांधवांना यांतली मेख फोड करून सांगायला नको.

एखादा हिंवाळा वाईट गेला, जनावर कमी सांपडलें, घरांत दुखणें आलें, कीं बाकी पुढच्या सालावर. बाकी फेडायची म्हणजे जास्त मारायचें. जास्त मारलें कीं जनावर विरळ होतें. एका ओढ्याचें संपलें कीं पुढच्या ओढ्यावर जायचें, आणि तेथें दुसरी जमात बसलेली. मग बंदुका, त्याही व्यापाऱ्यानेंच पुरविलेल्या. १६४९ सालीं ह्यूरॉन लोकांचीं गांवें इरोक्वा लोकांनीं उध्वस्त केलीं, त्यामागें फ्रेंच आणि डच व्यापाऱ्यांची हीच चढाओढ होती. भावाभावांच्या भांडणांत बंदूक विकणारा तिसराच, हा प्रकार आमच्या वाचकांनीं दुसऱ्या वेषांत पाहिलेला आहे.

या वहीचा उपयोग जमीन घेण्याकडे कसा करायचा, हें अमेरिकेच्या एका राष्ट्राध्यक्षानेंच लिहून ठेवलें आहे. टॉमस जेफरसन हें नांव आपल्याकडे स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा म्हणून आदरानें घेतात. त्यानें १८०३ सालीं इंडियाना प्रांताचा गव्हर्नर हॅरिसन यास पत्र लिहिलें. त्याचा भावार्थ असा कीं, सरकारी दुकानें वाढवावींत, मूळ लोकांतील वजनदार माणसें कर्जांत पडलीं तर बरेंच, कारण कर्ज आवांक्याबाहेर गेलें कीं तीं तें फेडण्यासाठीं जमीन सोडायला तयार होतात. पुढें दोनच वर्षांनीं, १८०५ सालीं, चोक्टॉ लोकांशीं माउंट डेक्स्टरचा करार झाला. चोक्टॉ हे हरणाच्या कातड्यांचा व्यापार करणारे लोक. त्यांनीं चाळीस लाख एकरांवर जमीन सोडली. मोबदला ठरला सुमारें पन्नास हजार डॉलर, आणि त्यांपैकीं अठ्ठेचाळीस हजार व्यापाऱ्यांच्या कर्जापोटीं वळते झाले. चोक्टॉंच्या वांट्याला मुख्यतः आली ती पुढें सालीना थोडी नेमणूक.

हें वाचून आमच्या कोणा शेतकऱ्याला आपल्या आजा-पणजाचें गहाणखत आठवलें तर नवल नाहीं. १८७५ सालीं सुप्याच्या बाजारांत शेतकऱ्यांनीं सावकारांचीं रोखे-खतें जाळलीं, तीं याच जातीचीं. फरक इतकाच कीं, आमच्या दंग्यानंतर सरकारला चौकशी नेमावी लागली आणि १८७९ चा कायदा आला. चोक्टॉंसाठीं कोणी कमिशन नेमलें नाहीं.

कातड्यांच्या गोणींबरोबर दारूचीं पिंपें गेलीं आणि रोगही गेले. १८३७ सालीं अमेरिकन फर कंपनीची आगबोट मिसुरी नदीनें वर गेली, तिच्यावर देवीचा रोगी होता. मंडन नांवाचे, मका पिकवून गांव करून राहणारे सुमारें दोन हजार लोक होते. वर्ष संपायच्या आंत त्यांतले दीडशेंच्या आंतबाहेर उरले. उत्तरेकडे अलास्काच्या बेटांवर रशियन व्यापाऱ्यांनीं तर उधारीचीही खटपट ठेवली नाहीं. अल्यूट लोकांचीं बायकापोरें ओलीस धरायचीं आणि पुरुषांना समुद्रांतल्या पाणमांजराच्या शिकारीवर पिटाळायचें.

शेवट कसा झाला तोही पाहण्यासारखा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बिव्हर विरळ झाला आणि इकडे युरोपांत रेशमी टोपीची चाल आली. म्हणजे ज्या टोपीसाठीं इतकीं राष्ट्रें धुळीला मिळालीं ती टोपी साहेबानें सहज उतरवून खुंटीला लावली. हडसन बे कंपनीनें आपला मुलूख १८७० सालीं तीन लाख पौंडांस कॅनडाच्या हवालीं केला. पैसे कंपनीच्या भागीदारांना मिळाले. ज्यांनीं दोनशें वर्षें कातडीं आणून दिलीं त्यांना या विक्रीची धड खबरही नव्हती.

आतां आपल्या माळावर परत येऊं.

दख्खनच्या माळांवर एके काळीं काळविटांचे कळप होते. फासेपारधी तांतीचे फास लांब दोरीला बांधून, खुंट्या ठोकून ओळ मांडी आणि हरणांना त्या ओळीकडे हुसकावी. शिकविलेल्या बैलाच्या आडून तो जनावरापाशीं जाई. तित्तराची हांक तो अशी काढी कीं तित्तर आपण होऊन फासांत येई. ही विद्या आहे. ती कोणत्याही ट्रेनिंग कॉलेजांत शिकवीत नाहींत, म्हणून ती विद्या नव्हे असें समजण्याचें कारण नाहीं.

मांस बाजारांत जाई, हें सर्वांना ठाऊक आहे. कातडें कोठें जाई? मुंजीच्या बटूला अजिन लागतें, संध्येला बसायला मृगाजिन लागतें, मठाच्या गादीवर व्याघ्रांबर लागतें. अहिंसेवर पुराण सांगणाऱ्या बोवांच्या बुडाखालीं जें कातडें असे, तें कांहीं हरणानें होऊन काढून दिलेलें नव्हतें. कातडें सोडविणारा पारधी अमंगळ, आणि त्याच्या हातचें कातडें तेवढें पवित्र! युरोपच्या टोपीवाल्यानें निदान बिव्हरवाल्याला विटाळ मानला नाहीं.

संस्थानिकांचा शौक दुसरा. पाळलेल्या चित्त्याकडून काळवीट धरविण्याचा खेळ कित्येक दरबारांत चाले. चित्ता धरून माणसाळविणारे हात चित्तेपारध्याचे, आणि शिंगें भिंतीवर चढत तीं सरकारस्वारीच्या नांवानें. यांत करवीरच्या शाहू छत्रपतींची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. शिकारीचा नाद त्यांनाही होता. पण ज्या फासेपारध्यांना सारा इलाखा चोर म्हणत होता, त्यांना त्यांनीं बोलावून नोकऱ्या दिल्या, राहायला घरें दिलीं आणि राखणीच्या कामावर नेमलें. चोराला पहारेकरी केल्यावर चोरी कोण करणार, हा त्यांचा हिशेब कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याला सुचला नव्हता.

इंग्रज सरकारचा हिशेब उलटा होता. १८७८ च्या कायद्यानें जंगलें राखीव झालीं, माळ नांगराखालीं जाऊं लागले. शिकाऱ्याची वाट बंद होत गेली, आणि ती वाट बंद झालेला माणूस उभ्या पिकांत शिरला कीं तो चोर. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानांत आला. १९११ सालीं तो मुंबई इलाख्यालाही लागू करतां येईल असा करण्यांत आला. बोटांचे ठसे, हजेरी, परवान्याशिवाय गांव सोडायचें नाहीं, आणि सोलापुरासारख्या ठिकाणीं तारेच्या कुंपणांतली सेटलमेंट. अमेरिकेंत मूळ लोकांना राखीव टापूंत कोंडलें तें जमिनीसाठीं. आमच्याकडे पारध्याजवळ जमीन नव्हतीच. त्याला कोंडलें तें तो फिरतो म्हणून.

१९४७ सालीं कोरिया संस्थानाच्या राजानें तीन चित्ते मारले, आणि १९५२ सालीं भारतांतला चित्ता संपला असें जाहीर झालें. त्याच १९५२ सालीं, ३१ ऑगस्टला, गुन्हेगार जमातींचा शिक्का कायद्यानें पुसला गेला. त्यांतही सरकारी कारकुनाची करामत अशी कीं, महाराष्ट्रांत फासेपारधी, चित्तेपारधी अनुसूचित जमातींच्या यादींत, तर राजपारधी, गावपारधी, हरणशिकारी विमुक्त जातींच्या यादींत. एकाच रानांत वाढलेले सोयरे दोन दप्तरांत वाटले गेले. चित्त्याची व्यवस्था मात्र नीट लागली. २०२२ सालीं आफ्रिकेंतून विमानांत बसवून चित्ते आणले आणि कुनोच्या रानांत सोडले. पारध्याच्या पालापर्यंत अजून रेशनकार्ड पोहोंचायचें आहे.

१९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. हा कायदा नको होता असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. तो झाला नसता तर काळवीट आज चित्रांतच पाहावा लागला असता. पण कायद्यानें ज्यांचा धंदा एका दिवसांत गुन्हा ठरला त्यांना दुसरा धंदा देण्याचें कलम त्यांत कोणी घातलें नाहीं. शेजारीं सोलापूर जिल्ह्यांत नान्नजला माळढोकासाठीं १९७९ सालीं अभयारण्य झालें. तरी माळढोक महाराष्ट्रांतून जवळजवळ नाहींसा झाला. माळ कोणीं मोडला? उसानें, विहिरींनीं, विजेच्या तारांनीं, म्हणजे आपण सर्वांनीं. पण पंख सांपडले कीं पंचनामा पारध्याच्या पालाचा.

येथेंही परदेशचें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवण्याजोगें आहे. बर्फाळ उत्तरेंत इन्युइट नांवाचे लोक सील मारून जगतात. मांस खातात, कातडें पांघरतात, उरलेलें विकतात. १९८३ सालीं युरोपच्या राष्ट्रांनीं सीलच्या पिलांच्या कातड्यांना बंदी केली. इन्युइट तीं पिलें मारीत नव्हते. पण बाजार फरक करीत नाहीं. सगळ्याच सीलच्या कातड्याचा भाव कोसळला आणि इन्युइट वस्त्यांतली रोख कमाई गेली. २००९ च्या दुसऱ्या बंदींत इन्युइटांना सूट लिहिली, परंतु गिऱ्हाइकच उरलें नव्हतें. कातड्याची फॅशन आली तेव्हां शिकाऱ्याचें रान गेलें, आणि कातड्याची लाज वाटूं लागली तेव्हां त्याची भाकर गेली. फॅशन करणारे आणि लाज बाळगणारे मात्र एकाच शहरांत राहतात.

कोणी म्हणेल, पारधी आजही वाघ मारतो, त्याचें काय? कांहीं मारतात. मेळघाटांत वाघांच्या शिकारीचे खटले झाले, त्यांत बहेलिया पारधी सांपडले, आणि गुन्हा तो गुन्हाच. पण ज्या हातांनीं फास लावला ते हात आणि ज्या तिजोरींत पैसा गेला ती तिजोरी यांत केवढें अंतर आहे तें पाहा. राजस्थानांत सरिस्काच्या रानांत २००५ सालीं एकही वाघ उरला नसल्याचें उघड झालें. त्या सुमारास दिल्लीचा संसारचंद हा कातड्यांचा व्यापारी पकडला गेला. ४७० वाघांचीं आणि २,१३० बिबट्यांचीं कातडीं नेपाळ-तिबेटच्या अवघ्या चार गिऱ्हाइकांना विकल्याची कबुली त्यानें सीबीआयपुढें दिल्याचें प्रसिद्ध झालें आहे. या माणसावर पहिली केस १९७४ सालीं झाली होती. म्हणजे तीस वर्षें दुकान चालू होतें. फास लावणारा पहिल्या रात्रींच आंत जातो, आणि वकिलासाठीं पुन्हां त्याच व्यापाऱ्याकडे हात पसरतो. झाली वही सुरू! हडसनच्या कोठीवरची ती ही एकच वही.

हीं कातडीं तिबेटांत सणावाराच्या अंगरख्यांना लावीत. २००६ च्या जानेवारींत आंध्रांतील अमरावतीला दलाई लामांनीं आपल्या लोकांची कानउघाडणी केली, आणि तिबेटांत लोकांनीं आपलीं मोलाचीं कातडीं चौकांत जाळलीं. मागणी बंद करण्याचें काम इतक्या झटपट होऊं शकतें. तें गिऱ्हाइकाच्या अंगावर अवलंबून असतें, शिकाऱ्याच्या नव्हे.

आतां आमच्या हातांत काय आहे तें बोलूं. आम्ही शिक्षक आहों, म्हणून शाळेपासून सुरुवात करतों. पालावरचें मूल घरीं वाघरी बोली बोलतें. जतच्या पूर्वभागांत गांव कानडी बोलतें, आणि शाळेंत पुस्तक मराठी. तिसऱ्या भाषेंत अडखळणाऱ्या त्या मुलाला 'मठ्ठ' म्हणून मोकळे होणारे गुरुजी आम्हीं पाहिले आहेत. एकदां मधल्या सुट्टींत असल्याच एका मठ्ठ मुलानें आवारांतल्या धुळींत रात्रीं खोकड कोणत्या बाजूनें आलें, कोठें थबकलें आणि कोणत्या बाजूनें गेलें हें आम्हांला वाचून दाखविलें. आमच्या पंचवीस वर्षें वाचलेल्या डोळ्यांना तेथें नुसती धूळ दिसत होती.

हीच विद्या चांगल्या कामीं लागूं शकते, हें कांहीं ठिकाणीं सिद्ध झालें आहे. अकोला-वाशीम भागांत संवेदना संस्थेबरोबर फासेपारध्यांनीं तणमोर पक्षी आणि त्याचें गवताळ रान राखण्याचें काम हातीं घेतलें आहे. तणमोर कोठें अंडीं घालतो हें त्यांच्याइतकें कोणाला माहीत असणार? मध्यप्रदेशांत पन्नाच्या रानांत २००९ पर्यंत वाघ संपला होता. तेथें वाघ पुन्हां आणले, आणि पुढें पारध्यांनाच प्रवाशांना रान दाखविण्याचें काम मिळालें. अमरावती जिल्ह्यांत मंगरूळ चव्हाळ्याला एका पारधी शिक्षकानें २०१२ सालीं नोकरी सोडून 'प्रश्नचिन्ह' शाळा काढली. पुढें समृद्धी महामार्गाच्या आड आल्यामुळें तिचे वर्ग आणि ग्रंथालय पाडले गेले. समृद्धीची वाट बरोबर कोणाच्या शाळेवरून जाते, हें आम्हीं निराळें सांगायला नको.

जत तालुक्यांत यांतलें काय होऊं शकेल? वनखात्यानें आपल्या माळावरचे लांडगे, खोकडें, तित्तर यांची मोजदाद करण्यासाठीं आणि राखणीसाठीं पारधी तरुणांना रोजावर घ्यावें. खात्यांत नवी जागा निघेपर्यंत थांबूं नये. तहसील कचेरीनें दाखल्यासाठीं पालाला कचेरींत बोलाविण्याऐवजीं कचेरी पालावर न्यावी. जमातीच्या दाखल्याच्या पडताळणीला १९५० पूर्वींचा पुरावा मागतात. १९४८ पर्यंत जत हें डफळ्यांचें संस्थान होतें. ज्याच्याजवळ सातबारा नाहीं, शाळेचा दाखला नाहीं, त्या पारध्याच्या आजाचें नांव लेखी असलेंच तर पोलिसांच्या हजेरीबुकांत असणार. ज्या बुकानें आजाला गुन्हेगार केलें तेंच नातवानें सवलतीसाठीं शोधीत फिरायचें, असा हा न्याय आहे. गृहचौकशी करून पुरावा गोळा करणें हें कचेरीचें काम समजलें गेलें पाहिजे.

आणि शिक्षकबंधूंनो, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या चौदाव्या कलमाप्रमाणें जन्माचा दाखला नाहीं म्हणून कोणत्याही मुलाला शाळेंत घेण्याचें नाकारतां येत नाहीं. मुख्याध्यापकानें तोंडीं 'उद्यां या' म्हटलें तरी तो नकारच होय. येत्या जूनमध्यें पटनोंदणीच्या पहिल्याच आठवड्यांत प्रत्येक शाळेंतून एका शिक्षकानें वही घेऊन पालावर जावें आणि सहा वर्षांवरच्या प्रत्येक मुलामुलीचें नांव लिहून घ्यावें. दिवाळीनंतर पालें उठतात आणि पुष्कळशीं विजापूरच्या बाजूला जातात. त्यापूर्वीं मुलांना हजेरीपटावर निदान चार महिने मिळाले पाहिजेत, आणि पालाबरोबर जाणाऱ्या मुलाच्या हातीं शाळेची चिठ्ठी असली पाहिजे, म्हणजे हद्दीपलीकडच्या गुरुजींना त्याला पहिल्या यत्तेंतून पुन्हां सुरुवात करावयास लावतां येणार नाहीं.